हनुवटी जरा उजेडाकडे

टचिंगकाकू कुणालाही भेटल्या की आधी हनुवटी धरायच्या. कशी आहेस, आई बरी आहे का, हे सगळं नंतर. आधी दोन बोटांनी समोरच्याचं तोंड खिडकीकडे वळवायचं, आपला एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने असं निरखायचं, की आपल्या चेहऱ्यावर काही सांडलंय की काय अशी शंका यावी. मग निकाल लागायचा. "डावीकडून बरी आहेस." किंवा, "नाक चांगलं आहे, पण तू त्याचा काही उपयोग करत नाहीस." माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांचीही हनुवटी धरली होती. सासरे मुरारचे, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा राखून असलेले. जन्मात कुणी त्यांची हनुवटी धरली नसावी. ते इतके गोंधळले, की गुपचूप तोंड वळवून उभे राहिले. "ह्यांचा फोटो खालून नका घेऊ," काकूंनी फोटोग्राफरला बजावलं, "नाकपुड्यांत फार अंधार आहे."

स्वतः काकू ठेंगण्या, सावळ्या, अंबाड्यात कायम एक बारीक ब्रश खोचलेला. हनुवटीवर चांगली हरभऱ्याएवढी चामखीळ होती आणि त्या चामखिळीवर एकच लांब केस. जगाचे चेहरे सुधारणाऱ्या ह्या बाईने आपला तो केस कधी उपटला नाही. कुणी सुचवलंच तर म्हणायच्या, "असू दे. माहेरहून एवढीच एक वस्तू माझ्या मर्जीने आणलीय मी."

त्यांचं खरं नाव ग्वाल्हेरच्या लष्कर भागात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दाल बाजारात एका ठोक दुकानाच्या माडीवर एक फोटो स्टुडिओ होता आणि तिथे काकू टचिंग करायच्या. हल्लीच्या मुलांना हे काम समजावून सांगावं लागतं. तेव्हा फोटो आधी काचेसारख्या फिल्मवर उलटा यायचा, काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. काकू ती निगेटिव्ह दिव्यापुढे धरून टोकदार पेन्सिलीने तिच्यावर बारीक बारीक टिंबं द्यायच्या. जिथे पेन्सिल फिरली तो भाग छापल्यावर उजळ यायचा. "आमच्या धंद्यात काळं फासलं की माणूस गोरं होतं," असं त्या सांगायच्या. स्टुडिओच्या खाली लाल मिरचीची पोती असत. फोटो काढायचा तो दोन शिंकांच्या मध्ये. आमच्या पिढीच्या लग्नाळू मुलींच्या फोटोंत डोळ्यांत जी ओलसर लाज दिसते आणि जिच्यावर पुण्याबडोद्याची स्थळं भाळली, ती लाज नव्हे, मिरची आहे.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तेव्हा आधी मुलीचा फोटो बाहेरगावी जायचा आणि मुलगी मागाहून. फोटोने पुढे जाऊन रस्ता साफ करून ठेवायचा. त्यामुळे मुलींच्या आया माडी चढून यायच्या आणि काकूंच्या कानाशी लागायच्या. "काकू, तेवढं रंगाचं बघा." "काकू, दात जरा आत घ्या." एकीने तर सांगितलं, "उंची थोडी वाढवा." काकूंनी मुलीला हात न लावता शेजारचं स्टूल लहान करून दिलं. फोटो तयार होऊन आला की कित्येक मुली विचारायच्या, "ही कोण?"

स्वतःच्या सासूबाईंना मात्र काकूंनी सांगून ठेवलं होतं, की आपण देवादिकांच्या तसबिरी रंगवतो. त्याशिवाय घरची सून बाजारातल्या माडीवर गेली नसती. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज कोण झालं?"

"अन्नपूर्णा."

"काल पण अन्नपूर्णाच होती."

"दोघी बहिणी आहेत," काकू सांगायच्या आणि कणीक मळायला बसायच्या.

हे सगळं हसत हसत सांगता येतं. पुढचं सांगताना मला अजून हसू येत नाही, पण ते सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत.

माझी मोठी बहीण कुमुद. तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालून थेट कानाच्या पाळीपर्यंत, पिकल्या जांभळाच्या रंगाची जन्मखूण आहे. घरात आम्हाला ती दिसायचीच नाही. काकूंना दिसायची. आमच्या घरी आल्या की त्या ताईची हनुवटी धरायच्या आणि दर वेळी एकच निकाल द्यायच्या, "तू उजवीकडून बरी आहेस." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, धंद्याची नजर होती. पण ताई लहानपणापासून त्या निकालाप्रमाणे बसायला शिकली. वर्गात, पंगतीत, देवळात, जिथे जाईल तिथे डावा गाल भिंतीकडे.

ताईच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आई माडी चढून गेली आणि म्हणाली, "काकू, तेवढं गालाचं बघा." काकूंनी बघितलं. पेन्सिलीची टोकं झिजेपर्यंत त्या गालावर काम करत बसल्या. एवढं सफाईचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. स्टुडिओच्या सेठजींनी त्या फोटोची एक प्रत खालच्या काचेच्या कपाटात लावली. फोटो इंदूरला गेला, इंदूरहून होकारासारखं पत्र आलं आणि मागोमाग मंडळी बघायला आली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आपलं काम कसं चालतंय ते बघायला आल्या होत्या.

पोह्यांच्या बश्या फिरल्या. मुलाच्या मावशीने ताईकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाली, "अगं बाई, गालाला काहीतरी लागलंय तुझ्या." तिने पदराचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि ताईचा गाल पुसायला लागली. पुसत राहिली. ताई हलली नाही. मावशी दुष्ट नव्हती, हे मला आजही सांगावंसं वाटतं. तिने फोटोवर विश्वास ठेवला होता. डाग जाईना तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी शरमली, की ओला पदर कुठे ठेवावा हे तिला कळेना. मंडळींनी पोहे संपवले, चांगले झाल्याचं सांगितलं आणि गेली.

ताई रडली-बिडली नाही. तिने दोनच गोष्टी केल्या. ह्यापुढे माझा फोटो कुणी काढायचा नाही, असं घरात सांगून टाकलं आणि ते पाळलं. सरकारी कार्डांपुढे इलाज नव्हता, तेवढेच काय ते अपवाद. पुढे ती मुरारच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली, लग्नाचं नाव तिने काढू दिलं नाही. शाळेच्या निरोप समारंभाच्या फोटोतसुद्धा ती नाही. तिच्या जागी फुलदाणी आहे. आणि दुसरी गोष्ट, काकू आमच्या घरात शिरल्या की ती उठून म्हणायची, "दूध बघते," आणि आत जायची. भांडण नाही, शब्द नाही. इतकी वर्षं काकू येत राहिल्या आणि इतकी वर्षं आमच्याकडे दूध तापत राहिलं.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी सेठजींना सांगितलं, "आजपासून मी फोटोंतल्या साड्या तेवढ्या रंगवीन. चेहरे नाही." सेठजींनी पुष्कळ समजावलं, पण काकू एकदा नाही म्हणाल्या की दाल बाजारातल्या हमालांनाही त्यांना हलवता आलं नसतं. ह्याचा फटका बसला मला. माझा दाखवायचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्या किती विनवण्या केल्या. "काकू, नाक थोडं. तुमच्यासाठी काय आहे हो, दोन टिंबांचं काम!"

"नाक तुझं आहे. तूच सांभाळ."

"मग दात तरी?"

"दात हसलीस की दिसणारच. किती दिवस तोंड मिटून नांदणार आहेस?"

त्यांनी माझी फक्त साडी रंगवली, तीही मूळच्या तांबडीची निळी. "साडीचं काय, साडी बदलता येते," म्हणाल्या. त्या फोटोत माझे दात पुढे आहेत, नाक जसंच्या तसं आहे आणि शिंक अगदी ओठांवर आलेली आहे. माझे यजमान सांगतात, की इतक्या फोटोंत हीच एक मुलगी काहीतरी करायच्या बेतात दिसली, म्हणून पसंत केली. आता बोला.

पुढे फोटो मोबाइलवर आले आणि माडीवरचा स्टुडिओ बंद झाला. सेठजींनी जाताना काकूंना सांगितलं, "काय पाहिजे ते घेऊन जा." काकूंनी पडदे मागितले. फोटो काढताना माणसाच्या पाठीमागे सोडायचे ते रंगवलेले कापडी पडदे. एकावर संगमरवरी जिना होता, जो कुठेच जात नव्हता. एकावर तळं आणि दोन हंस. एकावर पौर्णिमेचा चंद्र आणि त्याच्या खाली, का कोण जाणे, विमान. हे सगळं गुंडाळून त्यांनी रिक्षातून घरी आणलं आणि साठी उलटून गेल्यावर, नातवंडांना गोष्टी सांगायच्या वयात, ह्या बाईने चित्रं काढायला सुरुवात केली.

जिन्याच्या पडद्यावर त्यांनी एक राणी काढली. पायांत मनगटाएवढे जाड चांदीचे तोडे, समोर तो पांढराशुभ्र जिना, आणि पाऊल काही उचलत नाही. हंसांच्या तळ्याकाठी केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली विधवा पाण्यात वाकून स्वतःला शोधतेय. चंद्राखाली एक विलायती मडम, कमरेचे पट्टे इतके आवळलेले की तोंड उघडं आणि श्वास अर्ध्यावर. "गोऱ्या बायकांनाही काही सुख नव्हतं बरं का," काकू सांगायच्या, जणू त्या मडमेशी त्यांचं बोलणं झालं होतं. आणखी एका पडद्यावर मुलगी चालून दाखवतेय आणि समोर माणसं नाहीतच, नुसते ओळीने मांडलेले बूट. मी विचारलं, "काकू, बुटांना चेहरे का नाहीत?" तर म्हणाल्या, "तिने मान वर केली असती तर मला दिसले असते."

अनुभवाशिवाय रंग लागत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि त्यापायी काकांच्या नाकी नऊ आले. काका म्हणजे त्यांचे यजमान, अत्यंत शांत गृहस्थ, वर्तमानपत्र पूर्ण वाचणारे. मोठ्या नथेचं चित्र काढायचं म्हणून काकूंनी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा दोरीने नथीला बांधला आणि संध्याकाळपर्यंत तशाच वावरल्या. मडमेसाठी टेलरची टेप कमरेला करकचून आवळली आणि जेवायला बसल्यावर भात उतरेना. काका वर्तमानपत्र खाली करून विचारायचे, "आज काय बांधलंय?" आणि उत्तराची वाट न बघता गाठ सोडायला उठायचे. नथेच्या वेळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "किल्ल्या मिळतील का? मला कपाटातून सदरा पाहिजे होता." काकू म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड, ही म्हण कुणा पुरुषाने केली असणार. बाईला त्यात म्हण करण्यासारखं काय वाटलं असतं? ते रोजचंच."

चित्रं वाळायला गच्चीवरच्या तारेवर टाकायच्या. शेजारच्या अण्णांची गच्ची समोरच. ते सकाळी सूर्याला अर्घ्य द्यायला आले की सूर्याच्या अलीकडे ती केशवपन केलेली बाई. चार दिवस त्यांनी सोसलं आणि मग ओरडले, "अहो, सकाळी सकाळी हे काय दर्शन? बिलकुल बरं नाही वाटत."

"तुमच्या आत्या होत्या की अशाच," काकू तारेवरचे चिमटे काढत म्हणाल्या. "तुमच्या ओट्यावर बसून लोणच्याच्या फोडी करायच्या. लोणचं खाताना नव्हतं काही वाटलं?"

अण्णा तांब्या घेऊन खाली गेले. आम्हाला वाटलं, आता बोलणं बंद. पण आठवड्याने ते जिना चढून आमच्यासमोर काकूंकडे आले, चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आत्याच्या कनवटीला नेहमी लवंग असायची. मला द्यायची." काकूंनी अंबाड्यातला ब्रश काढला आणि त्या बाईच्या मुठीत एक लवंग काढून दिली. नंतर अण्णा रोज तिलाच आधी नमस्कार करायचे की सूर्याला, ते मला सांगता येत नाही.

एकदा मी त्यांना विचारलंच, की हे इतकं सगळं जुनंपुराणं उकरून काय मिळतं. तेव्हा त्या खेळकरपणा बाजूला ठेवून म्हणाल्या, "बेबी, आधी बाईला चांदीने आवळायचे, मग पट्ट्याने, मग वस्तऱ्याने. मग आवळणं सोडून दिलं, पेन्सिल घेतली. ती पेन्सिल माझ्या हातात होती." आणि लगेच माझी हनुवटी धरून, "तुझ्या गालावर हल्ली मांस चढलंय. चांगलं दिसतं," असं म्हणून मोकळ्या झाल्या.

माझी मुलगी सई सिटी सेंटर भागात एका कंपनीत कामाला आहे. तिने ते पडदे बघितले आणि तिचं मराठी सुटलंच. "काकूआजी, सच में, ये सब गच्चीवर पडून काय करणार? मी हॉल बुक करते ना. तुम्ही बस हां बोला!" काका तोवर गेले होते, काकूंनी ऐंशी पार केली होती आणि प्रदर्शन म्हणजे काय हे त्यांना फक्त औद्योगिक प्रदर्शनावरून ठाऊक होतं. "तिथे पापडाचे स्टॉल पण असतात का?" त्यांनी विचारलं, पण तयार झाल्या. सगळे पडदे खाली आले. माळ्यावर एक तेवढा राहिला, करडा, ज्यावर जिना नाही, चंद्र नाही. मुलींचे दाखवायचे फोटो ज्याच्यापुढे काढत तो. सईने हात लावताच काकू म्हणाल्या, "तो राहू दे. त्याची मालकीण मी नाही."

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. ताई आता निवृत्त होऊन माझ्याकडेच असते. काकूंना बघून ती उठली, "दूध बघते," म्हणाली आणि आत गेली. ह्या वेळी काकू काठी टेकत तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरल्या आणि मी त्यांच्या मागोमाग, कारण मला राहवलं नाही.

"कुमुद, गॅस बंद आहे," काकू म्हणाल्या.

ताई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "बोला."

"तुझं चित्र काढलंय. मागे तुला न विचारता पुसलं होतं, आता न विचारता लावणार नाही. नको म्हणालीस तर गुंडाळून ठेवते. पुन्हा विषय काढणार नाही."

"तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं."

"नाही विचारलं. तुझ्या आईला विचारलं, सेठजींना विचारलं. गाल तुझा होता."

ताईने ओटा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. "किती मोठं आहे?"

"दारापेक्षा उंच."

"कधीपर्यंत सांगायचं?"

"तसं सावकाश. पण माझं वय लक्षात घेऊन काय ते ठरव."

"बघते," ताई म्हणाली. आमच्या ताईच्या 'बघते'चा अर्थ आजवर तिच्या विद्यार्थ्यांना लागला नाही, आम्हाला कुठून लागणार?

प्रदर्शनाच्या दिवशी तो करडा पडदा हॉलच्या टोकाला टांगला, वरून जुनी चादर घालून. ताई आली आणि हो म्हणाली तर चादर काढायची, नाही तर तशीच उतरवून परत न्यायची, असं काकूंचं ठरलं होतं. लष्करातली निम्मी मराठी मंडळी जमली. अण्णा नवा कोट घालून विधवेच्या चित्राजवळ उभे, येणाऱ्याजाणाऱ्याला लवंग दाखवत. एक निवृत्त प्राचार्य दिवा लावायला पाहुणे म्हणून आले होते. पण काकू लोकांशी बोलत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. कुणाची हनुवटीही धरत नव्हत्या.

दिव्यासाठी मेणबत्ती पेटवली तेव्हा ताई दारातून आत आली. इकडेतिकडे न बघता ती सरळ टोकाला गेली आणि तिने स्वतःच्या हाताने चादर ओढली.

इंदूरला गेलेल्या त्या फोटोतली तीच रेशमी साडी, तोच करडा पडदा, तेच वय. फक्त डावा गाल पुढे आणि त्यावर ती जन्मखूण, जांभळी, तांबूस, कडेला निळसर, जितक्या रंगांची खरी होती तितक्या रंगांची. चित्रातली ताई बघणाऱ्याकडे सरळ बघत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ताईने चित्र जवळून बघितलं, मागे सरून बघितलं, एखादं गणित तपासावं तसं.

"काकू," ती म्हणाली, "हा लहान आहे."

"काय?"

"डाग. लहान काढलाय तुम्ही. माझा कानाच्या पाळीपर्यंत जातो. तुमचा मध्येच संपला."

काकू काठी टेकत आल्या. त्यांनी चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि हात पुढे केला. इतक्या वर्षांत ताईने तो हात आपल्या चेहऱ्याजवळ येऊ दिला नव्हता. आता तिने येऊ दिला. काकूंनी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, गाल बघितला, चित्र बघितलं, पुन्हा गाल बघितला.

"खरंच की गं," त्या म्हणाल्या. "मेला हात! इतकी वर्षं हेच काढायला बसले आणि तरी चोरी केलीच त्याने." त्यांनी अंबाड्यातला ब्रश उपसला. रंगांची पिशवी टेबलाखाली होतीच. काकू रंगांशिवाय लग्नालाही जात नसत. "सई, खुर्ची आण. कुमुद, बस. हनुवटी जरा उजेडाकडे."

आणि सगळ्या गावासमोर आमची ताई, जी शाळेच्या फोटोत फुलदाणी होती, ती ट्यूबलाइटकडे डावा गाल करून बसली. प्राचार्यांच्या हातातली मेणबत्ती वितळायला लागली. त्यांनी हळूच विचारलं, "तो... मैं रुकूँ?"

"रुकिए," ताई वर्गातल्या आवाजात म्हणाली. प्राचार्य थांबले. मग काकूंना, "अजून. अजून थोडा खाली. हां, इथे कड जरा वाकडी आहे."

"हलू नकोस. तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे कुठे वाकडी आहे ती."

पाळीपर्यंत रंग पोचला तेव्हा काकूंनी ब्रश पदराला पुसला, पुन्हा एकदा हनुवटी धरली आणि निकाल दिला. "डावीकडून बरी आहेस."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

"मलाच माहीत पडायला उशीर झाला."

त्यानंतर काकू आल्या की ताई दूध बघायला जायचीच, पण चहाचं. दोघी तासन्‌तास बसायच्या आणि कुणाकुणाच्या लग्नाच्या फोटोत मूळचं काय होतं ते काकू सांगायच्या. ग्वाल्हेरमधल्या कित्येक प्रतिष्ठित घरांची अब्रू त्या दोघींच्या पोटात होती. ताई इतकी हसायची की मला बाहेरून यावं लागायचं, काय झालं म्हणून.

पुढच्याच थंडीत काकू गेल्या, दुपारी गच्चीवर उन्हात बसल्या बसल्या. तेराव्याला आम्ही गेलो तेव्हा मधल्या खोलीत टेबलावर हार घातलेला त्यांचा फोटो होता. बंगळूरहून आलेल्या त्यांच्या मुलाने सिटी सेंटरच्या एका दुकानातून करून आणला होता आणि तो खरंच भल्या मनाने सगळ्यांना दाखवत होता, "किती छान आलाय ना? कॉम्प्युटरवर एकदम साफ करून दिला." साफ तर होताच. काकू गोऱ्यापान झाल्या होत्या. सुरकुती एक नाही. हनुवटी गुळगुळीत. चामखीळ नाही, केस नाही. मी मनात म्हटलं, ही कोण?

ताईने हार काढून बाजूला ठेवला. फ्रेम उलटी करून मागचे खिळे वाकवले आणि फोटो बाहेर घेतला. कुणी काही बोलायच्या आत तिने सईपुढे हात केला. "तुझी ती डोळ्यात घालायची काजळाची पेन्सिल दे."

"मावशी, यहाँ? अभी?"

"दे."

ताईने फोटो खिडकीशी नेला, उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटला. मग हनुवटीवर चांगला हरभऱ्याएवढा ठिपका दिला. पेन्सिल फिरवून टोक काढलं आणि त्या ठिपक्यावर एक केस काढला, लांब, जरा वाकडा. कपाळावर तीन रेघा ओढल्या, ओठांच्या कडेला दोन. काकूंचा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने फोटोकडे बघितलं आणि इतके दिवस न रडलेला तो माणूस "आई" म्हणून खाली बसला.

ताईने फोटो फ्रेममध्ये घातला, हार पुन्हा नीट केला. "आता बऱ्या दिसतायत," ती म्हणाली. मग काजळाची पेन्सिल परत करत सईला म्हणाली, "मोबाइल काढ. ह्यांच्याशेजारी माझा एक फोटो घे."

सई माझ्याकडे बघायला लागली. ताई टेबलाजवळ जाऊन उभी राहिली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि हनुवटी खिडकीकडे केली.

"डावीकडून घे," ती म्हणाली. "आणि त्यातलं काही पुसलंस तर बघ."